न दिसणाऱ्या पावडरीचे धडे

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा सांभाळणं हे माझं काम. आम्ही तिला नुसतं 'कल्चर रूम' म्हणतो. पीएचडीला नवीन लागलेल्या मुलांना इथे पिपेट धरण्यापासून सगळं शिकवावं लागतं. पण माझे आणि त्यांचे खरे वाद सुरू होतात ते ग्रोथ फॅक्टरची पहिली व्हायल त्यांच्या हातात पडते तेव्हा.

आमच्याकडे सर्वांत जास्त खप एफजीएफ-२ चा. पूर्ण नाव बेसिक फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर. 'जग, वाढ, एकीच्या दोन हो' असा निरोप पेशीपर्यंत पोचवणारं हे छोटं प्रथिन, वजन सुमारे १७ किलोडाल्टन. १९७४ मध्ये डेनिस गोस्पोदारोविच यांनी गाईच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कातून पेशींची वाढ घडवणारा असा घटक मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. त्या काळात ढीगभर ग्रंथी वाटाव्या तेव्हा कुठे थोडंसं प्रथिन हाती यायचं. १९८४ मध्ये बॉस्टनला ज्युडा फोकमन यांच्या गटाला दिसलं की गाठीतून काढलेला असाच एक घटक हेपॅरिनला घट्ट धरून बसतो. तो घटक म्हणजे हेच प्रथिन निघालं आणि त्याला शुद्ध करणं एकदम सोपं झालं. १९८६ मध्ये त्याचं जनुक हाती आलं. आता माणसाचं ते जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून त्याच्याकडून प्रथिन बनवून घेतात. व्हायलवर 'रीकॉम्बिनंट ह्यूमन' लिहिलेलं असतं ते यासाठी.

आता अनुभवाचे बोल. क्रम महत्त्वाप्रमाणे नाही, सुचेल तसा आहे.

१. व्हायल रिकामी नसते

दर वर्षी कोणी तरी धावत येतं. "मॅडम, कंपनीनं रिकामी बाटली पाठवली!" १० मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग. तो गोठवून वाळवलेला असतो, तळाशी किंवा भिंतीवर पुसटसा थर असला तर असतो, नाही तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. प्रवासात तो थर सुटून टोपणाला चिकटतो. म्हणून उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवायची. टोपण झटक्यात काढलं आणि कण उडाले, तर आठवडाभराचा प्रयोग उडाला.

मग पत्रक वाचायचं. हे सांगावं लागतं याचं मला अजून नवल वाटतं. सगळ्या ग्रोथ फॅक्टरांना एकच द्राव चालत नाही. टीजीएफ-बीटा १ साठी बहुतेक पत्रकांत ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सांगितलेलं असतं. त्याला साध्या पीबीएसमध्ये टाकलं तर ते नीट विरघळत नाही आणि प्लास्टिकला जाऊन चिकटतं. द्राव घातल्यावर व्हायल व्होर्टेक्सवर धरायची नाही. फेस आला की हवा आणि पाण्याच्या सीमेवर प्रथिनाची घडी मोडते. हलकेच कलती करून पाच-दहा मिनिटं ठेवून द्यायची. घाई असेल तर चहा पिऊन यायचं.

२. मायक्रोग्रॅम विकत मिळतात, काम मिळेलच असं नाही

सगळ्यात मोठा धडा हाच, म्हणून थोडं सविस्तर.

पत्रकावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक शुद्धता: '९५ टक्क्यांहून जास्त'. ती जेलवर मोजतात. पण जेलवर प्रथिन उलगडून टाकलेलं असतं, त्यामुळे घडी बरोबर असलेलं आणि घडी मोडलेलं प्रथिन तिथे एकाच पट्टीत, एकाच जागी दिसतं. निम्मं प्रथिन निकामी असलं तरी जेलला त्याचा पत्ता लागत नाही. दुसरी गोष्ट कार्यक्षमता, आणि ती फक्त जिवंत पेशीच सांगू शकते.

एफजीएफ-२ साठी ही परीक्षा बहुधा उंदराच्या ३टी३ फायब्रोब्लास्टवर घेतात. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला टोडारो आणि ग्रीन यांनी तयार केलेल्या या पेशी. दर तीन दिवसांनी, दर डिशमध्ये तीन लाख अशा हिशेबाने त्या वाढवल्या, त्यावरून हे नाव पडलं. पेशींना उपाशी ठेवून वाढत्या मात्रेत प्रथिन द्यायचं आणि कोणत्या मात्रेला कमाल वाढीच्या निम्मी वाढ मिळते ते पाहायचं. ती मात्रा म्हणजे ईडी-५०. ईडी-५० मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅम आलं, तर दहा लाखाला ०.५ ने भागायचं: मिलिग्रॅमला २० लाख युनिट.

इथे गंमत अशी की हे 'युनिट' ज्याचं त्याचं असतं. एका कंपनीने एका जातीच्या ३टी३ वर मोजलेलं युनिट आणि दुसरीने दुसऱ्या पेशींवर, हेपॅरिन घालून मोजलेलं युनिट यांची तुलना होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण नमुने ठेवणारी एनआयबीएससी ही ब्रिटिश संस्था आहे. त्या नमुन्याशी ताडून आंतरराष्ट्रीय युनिट दिलं असेल तरच दोन व्हायलींच्या आकड्यांची तुलना करता येते.

सरकारी खरेदीत हा मुद्दा फार टोचतो. दरपत्रकं येतात, मायक्रोग्रॅमला किती रुपये याचा तक्ता होतो आणि जो एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, त्याचा माल येतो. कागदावर सगळं नियमाप्रमाणे असतं. मग स्वस्तातलं प्रथिन दुपटीने घालावं लागलं की ते महागात पडतं, पण तोवर फाईल बंद झालेली असते. त्यामुळे मी आता खरेदीच्या मागणीपत्रातच लिहिते: कोणत्या पेशीवर चाचणी, ईडी-५० किती हवं, एंडोटॉक्सिन किती चालेल, कॅरिअर हवा की नको (या दोन्हींबद्दल पुढे येईलच), आणि त्या विशिष्ट लॉटचं विश्लेषण-प्रमाणपत्र. स्टोअरमधले काका सुरुवातीला वैतागायचे, "मॅडम, एवढं कोण वाचणार?" आता तेच नव्या मुलांना विचारतात, "ईडी-५० लिहिलंय का?"

शिवाय नवा लॉट आला की आमची स्वतःची एक छोटी परीक्षा असतेच. पेशींना रात्रभर सीरमशिवाय ठेवायचं. सकाळी जुना लॉट आणि नवा लॉट शेजारी शेजारी, तीन-चार मात्रांमध्ये द्यायचा. दहा मिनिटांनी पेशी फोडून फॉस्फो-ईआरकेचा ब्लॉट करायचा. ईआरके हा पेशीच्या आतला निरोप्या. एफजीएफ-२ ने रिसेप्टरला धरलं की काही मिनिटांत त्याच्यावर फॉस्फेट चढतं. दोन दिवसांचं काम आहे, पण त्यानंतरचे दोन महिने शंका राहत नाही. रात्रभर उपाशी ठेवायची पायरी गाळू नका. सीरममध्येच इतके ग्रोथ फॅक्टर असतात की पोट भरलेल्या पेशीला तुमचं प्रथिन आलं काय नि न आलं काय, काही फरक पडत नाही.

३. हिशेब आधी, ऑर्डर नंतर

माणसाच्या मूळ पेशी फीडर पेशींच्या थरावर वाढवताना मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम एफजीएफ-२ पुरत असे. फीडर काढून टाकले की मात्रा थेट १०० वर जाते. जेम्स थॉमसन यांच्या विस्कॉन्सिनमधल्या गटाने २०११ मध्ये फक्त आठ घटकांचा 'एसेन्शियल ८' मीडिया दिला, त्यातही १०० नॅनोग्रॅमच आहेत. आता आकडे मांडा. १० मायक्रोग्रॅमच्या व्हायलमध्ये १०० नॅनोग्रॅमच्या हिशेबाने १०० मिलिलिटर मीडिया होतो. सहा खणांच्या एका प्लेटला रोज १२ मिलिलिटर लागतो. म्हणजे एक व्हायल एका प्लेटला आठ दिवस. विद्यार्थी येतो आणि म्हणतो, "तीन महिन्यांचा प्रयोग आहे, दोन व्हायल मागवू." मी त्याला कॅल्क्युलेटर देते.

आणखी एक सवय लावून घ्या: नॅनोग्रॅमऐवजी रेणूंमध्ये विचार करा. ईजीएफ साधारण ६ किलोडाल्टनचं, टीजीएफ-बीटा १ जोडीने २५ किलोडाल्टनचं. दोन्ही १० नॅनोग्रॅम दिले की "सारखी मात्रा दिली" असं वाटतं, पण ईजीएफचे रेणू चौपट गेलेले असतात. रिसेप्टर वजन करत बसत नाही.

४. ३७ अंशांना एफजीएफ-२ टिकत नाही

माणसाच्या शरीरातलं प्रथिन माणसाच्याच तापमानाला विरघळलेल्या स्थितीत टिकू नये, हे ऐकताना विचित्र वाटतं. पण तसंच आहे. इन्क्यूबेटरमध्ये मीडियातल्या एफजीएफ-२ ची ताकद काही तासांत घसरायला लागते आणि दुसऱ्या दिवशी फारसं काही उरत नाही. शरीरात ते असं मोकळं तरंगत नसतंच. पेशींच्या भोवतीच्या जाळीत हेपॅरन सल्फेट नावाच्या साखळ्या असतात, त्यांना ते धरून बसतं. तिथे त्याची घडीही सांभाळली जाते आणि रिसेप्टरशी जोडायलाही मदत होते. बॉस्टनमध्ये दिसलेल्या हेपॅरिनच्या ओढीचं कारण हेच. आपण त्याला जाळीतून काढून गुलाबी पाण्यात सोडलंय. त्यात त्याच्या अंगावर चार सिस्टीन आहेत, त्यांतले दोन पृष्ठभागावर उघडे. ते शेजारच्या रेणूच्या सिस्टीनशी जोडले जातात आणि प्रथिनाच्या गुठळ्या होतात.

मूळ पेशी वाढवणाऱ्यांना रोज मीडिया बदलावा लागतो, रविवारी, दिवाळीत आणि गणपतीत विसर्जनाच्या मिरवणुकीतून वाट काढत, त्यामागे एक मोठं कारण हे. पेशींचं खाणं रोज संपतं म्हणून नाही, निरोप रोज विझतो म्हणून. एखाद दिवस चुकला तर पेशी मरत नाहीत. त्या हळूच आपली ओळख बदलायला लागतात, कडेच्या पेशी चपट्या होतात, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मरण पावलेली डिश मला परवडते. दिसायला बरी पण आतून बदललेली डिश परवडत नाही.

उपाय आहेत. थोडं हेपॅरिन घालणं हा जुना उपाय, पण हेपॅरिन इतरही अनेक ग्रोथ फॅक्टरांना धरतं, त्यामुळे प्रयोगाचा अर्थ लावताना गोंधळ होतो. मला तो फारसा आवडत नाही. दुसरा मार्ग प्रथिनच बदलण्याचा. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या संशोधकांनी २०१८ मध्ये संगणकाच्या मदतीने नऊ जागी अमिनो आम्लं बदलून असं एफजीएफ-२ तयार केलं की ३७ अंशांना त्याचं कामाचं अर्धायुष्य सुमारे दहा तासांवरून वीस दिवसांच्या पुढे गेलं. २०२० मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने टिकाऊ एफजीएफ-२ स्वतःच्याच प्रयोगशाळेत बनवून अत्यंत स्वस्त मीडिया कसा करायचा ते लिहिलं, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच शनिवार-रविवार सुट्टी मिळेल असं सांगितलं. विज्ञानातल्या कामगार चळवळीचा इतिहास कोणी लिहिला तर हा निबंध त्यात यायला हवा.

आमच्यासारख्या ठिकाणी हा स्वतः बनवण्याचा रस्ता जास्त शहाणपणाचा आहे असं माझं मत. एफजीएफ-२ ला साखरेचे फाटे लागत नाहीत, ई. कोलायमध्ये ते बऱ्यापैकी विरघळलेल्या रूपात मिळतं आणि हेपॅरिनच्या स्तंभावर एका फेरीत बरंच शुद्ध होतं. ज्या संस्थेत प्रथिनं बनवणारी एक प्रयोगशाळा आणि पेशी वाढवणाऱ्या चार प्रयोगशाळा आहेत, तिथे हे प्रथिन दर महिन्याला परदेशातून मागवत बसण्याचं कारण नाही.

५. प्लास्टिक आणि फिल्टर प्रथिन खातात

थोडक्यात सांगते. विरळ प्रथिन ट्यूबच्या भिंतीला चिकटतं. साठा मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवू नका. ठेवावाच लागला तर ०.१ टक्का बीएसए, म्हणजे गाईचं अल्ब्युमिन, 'कॅरिअर' म्हणून घाला, म्हणजे भिंतीची भूक त्यावर भागते. मीडिया ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आधी गाळा आणि प्रथिन मग घाला. नॅनोग्रॅममधलं प्रथिन घालून मग गाळलं तर त्यातलं पुष्कळसं पडद्यावर राहतं. बीएसए कुठे घालायचा नाही? प्रथिनाला रंग जोडायचा असेल, मास स्पेक्ट्रोमेट्री करायची असेल किंवा ते प्राण्याला टोचायचं असेल तिथे. त्यासाठी 'कॅरिअर-फ्री' मागवा.

६. जिवाणूची आठवण व्हायलमध्ये राहते

ई. कोलायच्या बाहेरच्या पडद्यात लिपोपॉलीसॅकराइड असतं, म्हणजेच एंडोटॉक्सिन. प्रथिन कितीही शुद्ध केलं तरी त्याचा अंश मागे राहतो. मूळ पेशीवाल्यांना त्याची झळ कमी. मॅक्रोफेज आणि मोनोसाइटवाल्यांची मात्र कंबर मोडते, कारण या पेशी नेमक्या जिवाणू ओळखण्यासाठीच असतात आणि मिलिलिटरला काही पिकोग्रॅम एंडोटॉक्सिनही त्यांना जागं करतं.

हिशेब करा. पत्रकावर 'मायक्रोग्रॅममागे १ ईयूपेक्षा कमी' असतं. १ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोग्रॅम. मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम प्रथिन दिलं तर सोबत १० पिकोग्रॅमपर्यंत एंडोटॉक्सिन जाऊ शकतं. फायब्रोब्लास्टला त्याचं काही नाही, मोनोसाइटला ते सीमेवर आहे. प्रथिन मायक्रोग्रॅममध्ये दिलं तर सीमा केव्हाच ओलांडलेली असते.

हा धडा साऱ्या जगाने एकदा किंमत मोजून घेतलाय. उष्मा-प्रथिनं, म्हणजे एचएसपी-६० आणि एचएसपी-७०, रोगप्रतिकार पेशींना भडकवतात असे पुष्कळ निबंध नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर आले. वापरलेलं प्रथिन रीकॉम्बिनंट, ई. कोलायमधलं. मग २००३ च्या सुमारास एंडोटॉक्सिन नीट काढून टाकलेली प्रथिनं वापरून पाहिली, तर तो परिणाम बराचसा नाहीसा झाला. कित्येकांच्या कामाचा पाया हलला.

त्यामुळे आमच्याकडे एखादा विद्यार्थी आनंदाने सांगत आला की "मॅडम, आपल्या प्रथिनानं मॅक्रोफेज टीएनएफ सोडतायत", तर अभिनंदन नंतर. आधी प्रथिन उकळून पुन्हा द्यायला लावते. प्रथिन उकळल्यावर मरतं. एंडोटॉक्सिन मरत नाही, काचेवरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी भट्टी लागते. उकळूनही टीएनएफ येत असेल तर काय ते समजून जा. दुसरी खूण पॉलिमिक्सिन-बी: ते एंडोटॉक्सिनला बांधून ठेवतं, प्रथिनाला नाही. एंडोटॉक्सिन मोजायची जुनी चाचणी हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तातल्या पेशींच्या अर्कावर चालते. या प्राण्याचे नातलग आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही अंडी घालायला येतात. आता त्या रक्तातला मुख्य घटकही रीकॉम्बिनंट मिळतो, आणि मला विचाराल तर तोच वापरावा.

७. माणसाचं प्रथिन आणि उंदराच्या पेशी

आमच्याकडे पुष्कळशा पेशी एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) राष्ट्रीय पेशीभांडारातून येतात. काही माणसाच्या असतात, काही उंदराच्या. मुलं फ्रीज उघडून जी व्हायल सापडेल ती वापरतात. कधी चालतं, कधी नाही, आणि त्याला साधा नियम नाही. एफजीएफ-२ चालतं, दोन्हींतला अमिनो आम्लांचा क्रम जवळजवळ सारखा आहे. टीजीएफ-बीटा १ च्या तयार प्रथिनात तर माणूस आणि उंदीर यांच्यात एकाच अमिनो आम्लाचा फरक. पण माणसाचं इंटरफेरॉन-गॅमा उंदराच्या पेशीला ऐकू येत नाही. माणसाचं आयएल-६ उंदराच्या पेशींवर चालतं, उलट उंदराचं माणसाच्या पेशींवर चालत नाही. आणि टीएनएफ सगळ्यात फसवं: माणसाचं टीएनएफ उंदराच्या दोन रिसेप्टरांपैकी एकालाच धरतं. परिणाम दिसतो, पण अर्धा. शून्य परिणाम दिसला की निदान माणूस शोध घेतो, अर्धा दिसला की त्यावर सिद्धान्त मांडतो.

८. कोणाकडून बनवून घेतलंय ते पाहा

ई. कोलाय स्वस्त आणि भरवशाचा, पण सगळं त्याला जमत नाही. तो साखरेचे फाटे लावत नाही. चरबीची शेपूटही लावत नाही. डब्ल्यूएनटी-३ए या निरोप्याला ती शेपूट लागतेच, तिच्याविना ते काम करत नाही, आणि तिच्यामुळेच ते पाण्यात राहायला तयार नसतं. २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या रोएल नुस्से यांच्या प्रयोगशाळेने ते पहिल्यांदा शुद्ध केलं तेव्हा त्याला सतत डिटर्जंटमध्ये ठेवावं लागलं. अशा प्रथिनाची व्हायल वापरताना एका डिशमध्ये नुसता तो डिटर्जंटचा द्राव घातलाच पाहिजे. सॉनिक हेजहॉगच्या बाबतीत कारागिरांनी एक सुंदर युक्ती काढली: जिथे चरबी लागायची त्या सिस्टीनच्या जागी दोन आयसोल्युसिन बसवले. पाण्याला भिणारी दोन अमिनो आम्लं चरबीची उणीव बरीचशी भरून काढतात आणि प्रथिन ई. कोलायमध्ये बनवता येतं. पत्रकावर 'सी२४II' दिसलं तर ते हेच.

९. गुरुवार

पुण्यात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार. जनरेटर आहे, तो सुरूही होतो, पण मधली काही मिनिटं आणि परत येताना बसणारा धक्का फ्रीझरला सोसावा लागतो. म्हणून साठे उणे ८० मध्ये, दारापासून लांब, आतल्या कप्प्यात. एका वेळी लागेल तेवढाच भाग एका ट्यूबमध्ये. ट्यूब एकदा वितळली की ती चार अंशांवर, आठवड्याभरात संपवायची, पुन्हा गोठवायची नाही. घरगुती 'फ्रॉस्ट-फ्री' फ्रीझर यासाठी कामाचा नाही. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःला गरम करतो आणि तुमचं प्रथिन रोज थोडं वितळतं, गोठतं.

पार्सलबद्दलही एक. शुक्रवारी पोचेल अशी ऑर्डर देऊ नका. ती शनिवारी गेटवर येते आणि सोमवारपर्यंत सिक्युरिटीच्या टेबलाखाली राहते. तरी अशा वेळी लगेच रडारड नको. वाळवलेलं प्रथिन थोडे दिवस साध्या तापमानाला बहुधा टिकतं, कंपन्या ते कित्येकदा बर्फाशिवायच पाठवतात. द्रवरूपात आलेलं असेल तर मात्र फोटो काढा, ईमेल करा, बदलून मागा.

१०. "वहिनी, तुमच्याकडे ग्रोथ फॅक्टर असतं ना?"

नणंदेने एका लग्नात विचारलं. तिच्या ओळखीच्या कोणीतरी केस वाढायला 'ग्रोथ फॅक्टर' टोचून घेतलं होतं. "तुमच्या लॅबमधलं थोडं आणता येईल का?" आम्ही दोघी हसलो, पण प्रश्न वेडगळ नाही. हेच प्रथिन औषध म्हणूनही आहे: जपानमध्ये २००१ पासून त्वचेच्या न भरणाऱ्या जखमांवर एफजीएफ-२ चा फवारा मिळतो आणि २०१६ मध्ये हिरड्यांच्या आजारासाठीही त्याला परवानगी मिळाली. पण ते वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या नियमांखाली, प्रत्येक खेप तपासून बनतं. आमच्या व्हायलवर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं ते वकिलांची हौस म्हणून नाही. निर्जंतुकपणा, एंडोटॉक्सिन, कशाचीच हमी माणसाच्या शरीरासाठी दिलेली नसते. आणि पेशींना 'वाढ' म्हणणारा निरोप गाठीच्या पेशींनाही तितकाच आवडतो. तिला मी खोबरेल तेल सांगितलं.

११. लॉट नंबर लिहा

वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे निबंध वाचून त्यांचे प्रयोग आमच्याकडे उभे करायचा प्रयत्न मी करतेय. अडतं ते बहुतेक वेळा एकाच ओळीत: 'पेशींना एफजीएफ-२ दिलं.' कोणतं? किती अमिनो आम्लांचं? बाजारात १४६, १५४, १५५ असे प्रकार आहेत. साधं की टिकाऊ केलेलं? बीएसएसह की शिवाय? हेपॅरिन होतं का? मीडिया रोज बदलला की दिवसाआड? या सहा गोष्टींवर निकाल उलटू शकतो, आणि त्या लिहायला दोन ओळी लागतात.

तेव्हा प्रबंध किंवा निबंध लिहायला बसलेल्या प्रत्येकाला एवढीच विनंती: कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, कशात विरघळवलं, शेवटची मात्रा नॅनोमोलरमध्ये, आणि मीडिया किती तासांनी बदलला ते पद्धतीच्या विभागात लिहा. आणि वही भरताना व्हायलवरचं लेबल सोलून त्याच पानावर चिकटवा. दोन वर्षांनी मी विचारायला येणार आहे.